खांद्यावरचा डाग

मी दातांचा डॉक्टर आहे. डाग दिसला की माझे हात शिवशिवतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो घोळ झाला त्याचं मूळ माझ्या या चांगल्या सवयीत आहे, असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. ‘चांगल्या’ हा शब्द माझा.

आईबाबांच्या लग्नाला येत्या रविवारी पन्नास वर्षं होणार होती. दोघं जन्मभर फिरली आणि बाबांनी फिरताना फोटो काढले. एकूण तीनशे बारा, बुटांच्या दोन खोक्यांत कोंबलेले. ते सगळे स्कॅन करून टीव्हीवर स्लाइड शो दाखवीन, असं मी सगळ्यांसमोर जाहीर करून बसलो. जाहीर करायला काय लागतं!

खोकी आणायला गेलो तर आईने अट घातली. आदल्या आठवड्यात मावशी येऊन फोटो चाळून गेली होती, आणि जाता जाता म्हणाली होती, “ताई, तू जन्मभर एकटीच फिरलीस की काय गं? भावोजी कुठेच दिसत नाहीत.” मावशीला काडी टाकायला आमच्याखेरीज दुसरं घर सापडत नाही. आईला ते फार लागलं होतं.

“खरंच आहे तिचं,” आई म्हणाली. “पन्नास वर्षांत प्रवासातला आमच्या दोघांचा म्हणून एक फोटो नाही. एक तरी शोध आणि शेवटी लाव. नाहीतर रविवारी समारंभात मी यांच्या शेजारी सजवलेल्या खुर्चीत बसायची नाही. फोटोत मी एकटी, मग खुर्चीत तरी जोडीनं कशाला?”

“कॅमेरा परक्याच्या हाती द्यायचा नाही,” पेपरामागून बाबांचा आवाज आला. “पुस्तिकेत लिहिलंय.”

बाबांनी उभी हयात जमीन मोजणीच्या खात्यात काढली. छापील सूचना म्हटली की ते मान तुकवतात. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या त्या पुस्तिकेत आणखी एक नियम होता: सूर्य नेहमी फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा. त्यामुळे बाबांची पाठ कायम उन्हात आणि आईचं तोंड कायम उन्हाकडे. धबधबा असो, पूल असो नाहीतर डोंगराचा कडा, आई सगळीकडे डोळे गच्च मिटून उभी आहे. बिचारीने पाहिलं तरी काय, असा प्रश्न पडतो.

त्यात समुद्राची गोष्ट तर आमच्या घरात लहानथोरांना पाठ आहे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी पूर्वेच्या किनाऱ्यावर बाबांनी आईला वाळूत तासभर उभं केलं होतं. “थांब, अजून नाही. हलू नकोस.” का, ते सांगायचं नाही. बरोबरची माणसं फिरून, खाऊन, परत आली तरी ही आपली उभीच. शेवटी एकदाचा फोटो निघाला आणि आईने दोन दिवस अबोला धरला. तो फोटो धुऊन आला तेव्हा तिने पाकीट उघडलंसुद्धा नाही. सत्तेचाळीस वर्षं ते पाकीट खोक्याच्या तळाशी तसंच होतं. बाबांनीही कधी उघडून दाखवलं नाही. दोघंही सारखीच हट्टी, मला उगाच मधल्यामध्ये जन्माला घातलं.

दुपारी पेशंट नसले की मी दवाखान्यात स्कॅनिंग करायचो. पिवळेपणा काढला. वाकडी क्षितिजं सरळ केली. जवळजवळ प्रत्येक फोटोत आईच्या पायाशी काळा डाग होता, तो स्कॅनमधून खालून कापून टाकला. पाकिटातल्या समुद्राच्या फोटोत तर हा डाग थेट तिच्या खांद्यापर्यंत चढला होता. तिथे कात्री लावली असती तर आईच गेली असती. म्हणून कॉम्प्युटरवरच्या ब्रशने तो कणाकणाने पुसला. दीड तास लागला. इतकी सफाई मी माझ्या सासऱ्यांच्या दातांचीही केलेली नाही.

मग मिटलेले डोळे उघडून देणारी एक सोय सापडली. तीही वापरली. राहता राहिला दोघांचा फोटो. तो नव्हताच, तर सापडणार कुठून? बायको म्हणाली, “बाबांचा एखादा फोटो घेऊन चिकटवा शेजारी.” बाबांचा धड असा एकच फोटो घरात होता, पेन्शनच्या कार्डावरचा. तो चिकटवला.

शनिवारी सकाळी रंगीत तालीम म्हणून आईबाबांना टीव्हीसमोर बसवलं. पहिलाच फोटो आला आणि आई दचकली.

“ही कोण बाई?”

“आई, ती तूच आहेस. डोळे उघडलेत फक्त.”

“असे? विंचू चावल्यासारखे? मीट आधी ते.”

मी पुढे सरकवत राहिलो. आई टक लावून बघत होती. मला वाटलं, भारावली. शेवटी धबधबा आला. धबधब्यात कोट-टाय घालून, दोन्ही कान दिसतील असे समोर बघत, कमरेपासून वरचे बाबा तरंगत होते.

“हे पेन्शन घ्यायला निघालेत,” आई म्हणाली. “यांना काढ तिथून, सर्दी होईल.” मग तिचा आवाज बदलला. “एक सांग. सगळ्या फोटोंत माझ्या पायाशी काळं काहीतरी असायचं. ते कुठंय?”

“काढलं!” मी छाती फुगवून म्हणालो. “एकूण एक फोटोतून काढलं.”

आईने खोकी मागवली. चष्म्यावर भिंग धरून ती एकेक फोटो बघत गेली. कड्यावरचा, पुलावरचा, बागेतला. तो डाग म्हणजे सावली आहे एवढं मलाही कळत होतं, पण सावली म्हणजे नवशिक्याचा दोष, दोष म्हटला की डाग, आणि डाग म्हटला की मी.

“ही बघ टोपी,” आई म्हणाली. “हे दोन्ही कोपर, कॅमेरा धरलेले. हे इथे आहेत की! याही फोटोत आहेत.” तिने माझ्याकडे मान वळवली. “आणि तू माझ्या नवऱ्याला कापून टाकलास?”

कापलाच होता, तीनशेएक वेळा.

“समुद्राचा बघ,” बाबा पेपर खाली न करता म्हणाले.

आईने पाकीट उघडलं. मागे समुद्र, वाळूत आई, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर भयंकर राग. आणि वाळूवरून चढत आलेली बाबांची लांबच लांब सावली. तिचं डोकं, टोपीसकट, आईच्या खांद्यावर अलगद टेकलेलं. चेहऱ्याला मात्र कुठे धक्का नाही.

“सूर्य मागच्या टेकडीला टेकल्याशिवाय खांद्यापर्यंत पोचत नव्हतो,” बाबा म्हणाले. “मोजून बघितलं होतं मी. तासभर तरी लागणारच होता.”

“मग तेव्हाच सांगायचं ना!”

“दोन दिवस बोलत कुठे होतीस? नंतर म्हटलं, पाकीट उघडशील तेव्हा दिसेल.”

आई रडली. मीही रडलो, आणि माझ्या रडण्यात तीनशे बारा फोटो पुन्हा स्कॅन करायचे आहेत याचाही वाटा होता, हे कबूल करतो. शनिवारचा दवाखाना बंद ठेवला. सगळे डोळे मिटले, सगळे डाग जागच्या जागी ठेवले.

रविवारी आई सजवलेल्या खुर्चीत बसली, बाबांच्या शेजारी. समुद्राचा फोटो शेवटी लागला. अर्थातच मावशी पहिली बोलली.

“अगंबाई, फोटो काढणाऱ्याची सावली आलीय की यात!”

“आलेली नाही,” आई म्हणाली. “आणलीय. तासभर लागला यांना.”