पैलवानाचा घास

चंपतराव उमाठे यांनी पस्तीस वर्षं नागपूरच्या गांधीबागेतल्या एका दुकानात कापड फाडलं, आणि एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणून कधी सांगितलं नाही. दुकानाचा नेमच तसा होता. गुलाबी नसेल तर राणी कलर दाखवायचा, राणी नसेल तर उद्या मागवतो म्हणायचं, पण गादीवर बसून नन्नाचा पाढा लावायचा नाही. कापडापुरता हा नेम ठीक होता. पण माणूस दुकानाबाहेरही तसाच वागायला लागला की लोक त्याला बरोबर हेरतात. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून चंपतराव घरी बसले आणि सहा महिन्यांत महाल भागातल्या त्यांच्या अर्ध्या गल्लीची कुत्री त्यांच्या गळ्यात पडली. शेजारच्या खुशीनं तर त्यांचा नंबर मोबाईलवरच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकून दिला: 'कुत्रे सांभाळणारे काका. तुमच्या घरी येऊन राहतात.' बायको गेल्यापासून घर खायला उठायचं, त्यामुळे काका खरोखरच जाऊन राहायला लागले.

असेच ते सप्टेंबरात भिवापूरच्या बाजूला मनोहररावांच्या शेतावर येऊन पडले. मनोहरराव सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन बायकोसोबत, जिजाबाईंसोबत, तिथंच राहत होते. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी प्रेशर आटोक्यात आणायचं म्हणून डॉक्टरांनी त्यांना नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात आठवडाभर आधीच भरती करून घेतलं होतं. मागे राहिले दोन कुत्रे. एक मैना, गावठी, तीन वर्षांची, अंगात वारं भरलेली. दुसरा पैलवान, काळा लॅब्राडोर, वय वर्षं अकरा. पैलवानाला सहा महिन्यांपूर्वी शुगर निघाली होती. सकाळ-संध्याकाळ मोजून जेवण आणि जेवणावर इन्सुलिनची दहा युनिटची सुई, असं जिजाबाईंनी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं.

निघताना मनोहरराव एकच बोलले होते. "ऑपरेशनचं काही वाटत नाही मले, चंपतराव. परत आल्यावर फाटकात पैलवान दिसला पाहिजे, बस."

"दिसंल ना, भाऊ!" चंपतराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तीन दिवस फार सुखाचे गेले. सकाळी सातला दोघांना साखळ्या लावून चंपतराव बांधाबांधानं तलावाकडे निघायचे आणि धंतोलीला फोन लावायचे. मनोहररावांचा हुकूमच होता, की फिरायला निघालं की फोन चालू ठेवायचा, त्यांना पलंगावर पडल्या पडल्या सगळं ऐकायचं असायचं. मग चंपतराव दिसेल ते सांगत सुटायचे. "भाऊ, तुमच्या तुरीत कुणाचा तरी काळा घोडा सुटला आहे!" तिकडून हसू यायचं. "घोडा नाही गा, रोही आहे तो. नीलगायीतला नर. पैलवान काय करून राहिला?" पैलवान काहीच करत नसायचा. रोही त्याला बघायचा, तो रोह्याला बघायचा, आणि दोघं आपापल्या वाटेनं लागायचे. तारेवरून नीलकंठ पक्षी उडाला तेव्हा चंपतराव वाटेतच उभे राहिले. एवढ्या वर्षांत असा निळा रंग त्यांनी कापडाच्या कुठल्या थानात पाहिला नव्हता. मुंगूस, मोराची पिल्लं, कमळाच्या पानांवरून चालणारा लांब बोटांचा पक्षी. महालात जन्म काढलेल्या माणसाला बासष्टाव्या वर्षी हे सगळं दिसत होतं, आणि बायकोला दाखवायचं राहून गेलं याचं वाईटही वाटत होतं.

मंगळवारी घात झाला.

पितृपक्ष चालू होता. पलीकडच्या मिरचीच्या वावरातल्या रुखमाबाईंच्या नवऱ्याची तिथी होती. दुपारी साडेबाराला त्या पळसाच्या पत्रावळीवर वाढून घेऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या. वडे, खीर, कढी, पुरणपोळी, सगळं होतं.

"भाऊ, कावळा शिवला, गाईचा घासही झाला. कुत्र्याचा तेवढा राहून गेला," त्या म्हणाल्या. "गावात कुत्रंच नाही उरलं पाहा. बिबट्यानं एकेक करून उचलले. दरसाली आमच्या ह्यांचा घास पैलवानच खाते."

"त्याले शुगर आहे ना, रुखमाबाई. वहिनींनी लिहून ठेवलं आहे," चंपतराव कसेबसे बोलले. "मैनेले देता का?"

मैनेनं पत्रावळ लांबूनच हुंगली आणि ती सरड्यामागे पळाली. ओळख नसलेल्या हातचं ती खात नसे.

"एक घास, भाऊ. सकाळपासून पोटात पाणी नाही माह्या. त्याईले उपाशी कशी ठेवू मी?"

आता यावर सरळ नाही म्हणायला छाती लागते, आणि ती चंपतरावांनी दुकानात पस्तीस वर्षं गहाण ठेवलेली होती. शिवाय समोर गिऱ्हाईक नव्हतं, नवऱ्याचा घास हातात घेतलेली विधवा होती. "एकच घास हं," म्हणत त्यांनी फाटक उघडलं. सहा महिने उकडलेल्या भोपळ्यावर काढलेल्या पैलवानाला एक घास म्हणजे किती हे कोण सांगणार? रुखमाबाई हात जोडून डोळे मिटतात न मिटतात तोवर वडे गेले, खीर गेली, पोळी गेली, आणि तो पत्रावळ चाटायला लागला. रुखमाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "तृप्त झाले," त्या म्हणाल्या आणि जेवायला गेल्या.

चंपतरावांनी चाटून साफ झालेली पत्रावळ उचलली. खीर, पुरण! साखर किती चढली असेल! त्यांना स्वतःलाही शुगर होती, आणि लग्नाकार्यात जिलेबी झाली की ते वरून अर्धी गोळी जास्त घेत. त्यांचे वडीलही तेच करत. घरोघर हेच चालतं, डॉक्टरला कोण विचारतं? त्याच शहाणपणानं ते आत गेले, फ्रिजमधून बाटली काढली आणि पैलवानाला पाच युनिटची जास्तीची सुई देऊन मोकळे झाले. जिजाबाईंना फोन करावा असं एकदा मनात आलं होतं. पण त्यांच्या जिवाला आधीच घोर, त्यात हे कशाला, म्हणून राहू दिलं.

दीड वाजता पैलवानानं आंब्याखाली सगळं ओकून टाकलं. चंपतरावांना उलट बरंच वाटलं. पोटात गेलेलं गोड बाहेर आलं, सुटलो, असं म्हणून त्यांनी बादलीनं पाणी टाकलं. गोड बाहेर आलं तरी सुई आतच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

तीनच्या सुमारास पैलवान उठला आणि त्याचे मागचे पाय फाकले. दारूड्यासारखा झोकांड्या खात तो भिंतीशी गेला, भिंतीला डोकं लावून उभा राहिला, मग खाली बसला आणि थरथरायला लागला. चंपतराव फोन शोधायला आत धावले. पैलवानाच्या नागपुरातल्या डॉक्टरांना फोन लावला, ते दुसऱ्या कुत्र्याच्या ऑपरेशनमध्ये होते. भिवापूरच्या दवाखान्यातले डॉक्टर गुरांना लस टोचायला कुठल्या तरी गावी गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. शेतावर गाडी नव्हती, असती तरी चंपतरावांना ती चालवता येत नव्हती. सत्तर किलोमीटरवर नागपूर. ते पैलवानाचं डोकं मांडीवर घेऊन बसले, ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसत राहिले आणि फाटकाकडे बघत राहिले. फाटकातून कोण येणार होतं? कोणीच येणार नव्हतं. एवढा मोठा माणूस, पण त्याला त्या क्षणी आई आठवली.

चारला नागपूरच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, सुई किती दिली आणि पोटात काही राहिलं का. मग ते ओरडलेच, "काका, साखर उतरली आहे त्याची! गूळ, साखर, मध, जे असेल ते हिरड्यांना चोळा! आत्ताच्या आत्ता!"

गुळाचा डबा ओट्यावरच होता. एक तासापासून चंपतरावांनी त्याच ओट्यावरून चार वेळा पाणी नेलं होतं. धावत आणून त्यांनी गूळ बोटानं हिरड्यांवर चोळला, जिभेवर चोळला, पुन्हा चोळला. पैलवानाची जीभ हलली नाही. गूळ होता तसाच राहिला.

संध्याकाळी रुखमाबाई कुदळ घेऊन आल्या. दोघांनी मिळून खड्डा केला. "माह्या घासानं गेला काय, भाऊ?" त्यांनी विचारलं. "तुमचा काही दोष नाही, बाई. माह्या सुईनं गेला," चंपतराव म्हणाले. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत असं नंतर कळलं.

मग चंपतरावांनी जिजाबाईंना फोन केला. त्यांनी काही लपवलं नाही. तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग जिजाबाई अगदी हळू बोलल्या. "ह्यांईले काही सांगू नका. शुक्रवारी ऑपरेशन आहे. मनाले धक्का बसला तर काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणून राहिले. शुक्रवार होईपर्यंत पैलवान-मैना दोघंही आहेत असंच सांगा."

"वहिनी, मले नाही जमणार. एखाद्या खोलीत कोंडा, पण हे नका सांगू."

"मले तरी जमून राहिलं का, चंपतराव?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बुधवारी सकाळी ते एकट्या मैनेला घेऊन निघाले आणि फोन लावला. तलाव दिसला, रोही दिसले, तीन माद्या आणि एक पिल्लू. सगळं सांगितलं. पैलवान काय करतो म्हटल्यावर "चिखलात लोळून राहिला" असं सांगितलं. मनोहरराव हसले. चंपतरावांना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

गुरुवारी आभाळ स्वच्छ होतं. ओल्या वावरातून एक टिटवी उठली आणि त्यांच्या डोक्यावरून ओरडत गेली. फोनवर मनोहरराव बोलता बोलता थांबले.

"चंपतराव, जिजा खाली चहा आणायला गेली आहे," ते म्हणाले. "टिटवी ओरडली ना आता?"

"हो, भाऊ."

"पैलवान बोलला नाही."

चंपतराव उभेच राहिले. मैनेनं साखळी ओढली तरी ते हलले नाहीत.

"अकरा वर्षांत टिटवी ओरडली आन् हा गप्प राहिला, असं कधी झालं नाही. झोपेत असला तरी एक आवाज देते. काल दोनदा ओरडली. मी कान देऊन होतो."

"भाऊ, माह्याच हातून..."

"नका सांगू." मनोहररावांनी त्यांना तोडलं. "आत्ता नका सांगू मले काही. उद्या आत नेतील, बाहेर आलो तर मग सांगा. जिजाले वाटते मले माहीत नाही. दोन रात्री झाल्या, बाथरूममध्ये नळ सोडून रडून राहिली बिचारी. तिले तसंच वाटू द्या."

चंपतरावांना सगळं बोलून टाकायचं होतं. खीर, सुई, गूळ, सगळं. शिव्या खायच्या होत्या. दोन दिवस त्यांनी त्याच एका गोष्टीवर काढले होते, की शुक्रवार गेला की पाय धरून सांगू. पण तिकडे दार वाजलं, कपबश्या वाजल्या, आणि जिजाबाईंचा उसन्या उत्साहाचा मोठा आवाज आला, "काय म्हणते हो आपला पैलवान?"

"तेच विचारून राहिलो," मनोहरराव म्हणाले. मग फोनमध्ये, नेहमीच्या आवाजात, "काय हो चंपतराव, खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं, भाऊ."

"आन् सुई? बरोबर दिली ना?"

चंपतरावांनी डोळे मिटले.

"दिली, भाऊ," ते म्हणाले. "बरोबर दिली."