शीतगृहाचं दार

१९९१ च्या जानेवारीत रियाधवर क्षेपणास्त्रं पडायला लागली, विमानं बंद झाली, आणि परदेशी कामगारांचे मृतदेह मायदेशी पाठवणाऱ्या खासगी कंपन्यांकडे मृतदेह साचू लागले. या कंपन्यांवर लक्ष ठेवायला सौदी सरकारने एक सल्लागार समिती नेमली होती. तिथल्याच सरकारी इस्पितळातल्या शवागाराचे प्रमुख डॉ. सुबोध तिचे सदस्य. समितीने नुसता सल्ला द्यायचा. ऐकायचं की नाही, ही कंपनीची मर्जी.

त्या संध्याकाळी ते अल मलाझ भागातल्या एका कंपनीत पोचले. मृतदेहांना आंघोळ घालणारा दापोलीचा इसहाक त्यांना शीतगृहात घेऊन गेला. आत पाय ठेवायला जागा नव्हती. एकेका फळीवर दोन-दोन, उरलेले फरशीवर.

"डॉक्टरसाहेब, मशीन सारखं बंद पडतंय," इसहाक हळूच म्हणाला. "मी सांगितलं हे मॅनेजरला कळू देऊ नका. माझा इकामा, इथे राहायचा परवाना, त्याच्या हातात आहे."

तेवढ्यात भोंगा वाजला. बाहेर पळापळ झाली आणि कोणीतरी धावता धावता शीतगृहाचं दार ढकलून लावलं. मग धडाका झाला. भिंत हादरली, दिवा गेला.

सुबोधनी दार चाचपलं. आतून उघडायला कडीच नव्हती. ती बसवा, असं त्यांनीच मागच्या भेटीत लिहून दिलं होतं.

"विषारी वायू सोडला असेल का हो?" अंधारातून इसहाकचा आवाज आला. त्याच्याकडे गॅस मास्क नव्हता. सुबोधनी घाईघाईने खांद्याला अडकवलेला आपला चढवला. पण शेजारी तो माणूस कलमा पुटपुटताना ऐकू आला. त्यांनी मास्क काढला. पायाला काहीतरी गार लागलं, तसे ते किंचाळले. दोघांनी मिळून दारावर मुठी आपटल्या, घसा फुटेस्तोवर हाका मारल्या.

भोंगा थांबल्यावर केव्हातरी दार उघडलं. समोर मॅनेजर.

"गलती हो गई, साब. रिपोर्ट में सब ठीक लिखना. आखिर आपका काम सलाह देना है."

उद्या याने वर तक्रार केली, तर सुबोधना बायकोपोरांसकट भारतात परत जावं लागेल. मान डोलवून सुटावं, असं मनात आलंही. मग त्यांनी फोन उचलला आणि आपल्या शवागाराला दोन रुग्णवाहिका पाठवायला सांगितलं. तिथे कोणाला ठेवायचं, हे तेच ठरवत. त्याला कुठल्या समितीची गरज नव्हती.

"सगळे माझ्याकडे येतील," ते म्हणाले. "आणि इसहाकभाई, तुम्हीही चला. यांची ओळख तुम्हालाच आहे."

मॅनेजर दारात आडवा उभा राहिला. मग बंद मशीनकडे पाहून वैतागून बाजूला झाला.

दोघांना घेऊन पहिली गाडी निघाली आणि पुन्हा भोंगा सुरू झाला. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. सुबोधनी इसहाकचा हात घट्ट धरला.

"यल्ला, चल," ते ड्रायव्हरला म्हणाले. "थांबू नकोस."