फोटोभोवतीचं हिरवं कडं

टॉवेलच्या कारखान्यात बारा वर्षं सुपरवायझरकी करून कंटाळलेल्या शरणबसवनं एका रविवारी लिंक्डइनवरचं आपलं पान झाडून-पुसून घेतलं. मेहुण्याचा कोट घालून नवा फोटो टाकला आणि फोटोभोवती हिरवं कडं लावलं. त्या कड्याचा अर्थ एवढाच, की हा माणूस नोकरी शोधतोय.

सोमवारी मालकांनी, म्हणजे मडिवाळप्पा अण्णांनी, केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या मोबाइलवर त्याचाच फोटो उघडलेला होता.

"हे कडं तुला कुणी दिलं?" अण्णांनी विचारलं. "मी मालक, आणि माझाच फोटो बोडका. बरं दिसतंय का ते?"

खरं सांगावं तर आहे ती नोकरी जाणार. शरणबसवनं अण्णांचा मोबाइल घेतला आणि त्यांच्या टोपीवाल्या फोटोलाही कडं बसवून दिलं. अण्णा खूश झाले. चहा मागवला.

गुरुवारी पुन्हा बोलावणं आलं. तोवर शरणबसवला एकही फोन आला नव्हता. अण्णांना चार आले होते.

"सुरतेचे लोक लई मागं लागलेत," अण्णा म्हणाले. "दर रविवारी सुट्टी देतो म्हणतात. तीस वर्षांत मला कुणी सुट्टी दिली न्हाय." मग त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. "वर्षभर जाऊन येतो म्हणतो. तवर कारखाना बघशील की?"