दोनदा टेकलेलं कपाळ

आमच्या ह्यांना गाव एकतीस वर्षं 'डीकन' म्हणून हाक मारतंय. ग्वाक ब्योंगचोल हे नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. डीकन म्हणजे मानाचं पद असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्या चर्चमध्ये डीकन म्हणजे बिनपगारी गडी. बॉयलर बंद पडला, बोलवा डीकनला. म्हाताऱ्यांना रविवारी घरून आणायचंय, डीकन आहे. हिवाळ्याच्या किमचीसाठी चारशे कोबी मिठात घालायचेत, डीकनची बायकोही येईल बरोबर. मंडळीचे वडील, म्हणजे मतं घेऊन निवडलेले कारभारी, मात्र पुढे गादीच्या खुर्च्यांवर बसतात, प्रार्थना लांबवतात आणि जेवताना पहिली वाटी त्यांच्यापुढे जाते.

घरीही हे असेच. स्वतःच्या आईचं अंथरुणातलं सगळं सहा वर्षं ह्यांनी काढलं, मला हात लावू दिला नाही. दोन्ही पोरींच्या वेण्या हेच घालायचे, एक वर आणि एक खाली. माझ्या भावजया म्हणायच्या, "वन्सं, काय नशीब काढलंत." ह्यांनी गावातल्या तेरा म्हातार्‍यांची छपरं शाकारली आणि आमच्या मोरीत पावसाळाभर बादली ठेवलेली असायची, हे त्यांना कोण सांगणार?

मला एकच हवं होतं. ह्यांनी मंडळीचं वडील व्हावं. सत्तरीला ते पद सुटतं, म्हणून पासष्टीच्या पुढच्या माणसाला कोणी उभं करत नाही. हे पासष्टचे झाले त्या वर्षी दोन नावं मतदानाला निघाली. एक ह्यांचं. दुसरं औषधांच्या दुकानवाल्या छ्वेचं, जो गावात येऊन सहा वर्षं झाली आणि ज्याला कोबीच्या कुठल्या पानाला मीठ चोळतात हेही ठाऊक नाही. तीन भागांतले दोन भाग मतं पडली की झालं. मी नवे बूट घेतले.

मतदानाला दहा दिवस असताना मानदोक मेला.

मानदोक म्हणजे ह्यांचा लंगोटीयार. जन्मात चर्चची पायरी चढला नाही. रविवारी फाटकासमोर सायकल थांबवून ह्यांना विचारायचा, "काय रे, आज देव घरी आहे का, की बाहेरगावी?" आणि हे हसायचे. असल्या माणसाला मुलगा नाही, एकच मुलगी, योनहुई. अंत्यविधीला घरचा पुरुष पुढे उभा राहतो, येणाऱ्यांचे नमस्कार घेतो. सोलहून पुतण्या येणार होता. त्याचा फोन आला की मोटार बिघडली. मोटार कसली बिघडते, नियत बिघडली. मग योनहुईनं ह्यांच्याकडे बघितलं, आणि ह्यांनी घरच्या पुरुषाची पट्टी दंडाला बांधली.

तीन दिवस उभे होते. तिसऱ्या दिवशी पहाटे, शवपेटी उचलायच्या आधी, मानदोकच्या फोटोपुढे भात आणि दारू ठेवली आणि ह्यांनी गुडघे टेकून, हात जमिनीला लावून, कपाळ खाली टेकलं. एकदा नाही, दोनदा, मेलेल्याला टेकतात तसं. ख्रिस्ती माणूस तिथे नुसती मान खाली घालून उभा राहतो, पांढरं फूल ठेवतो आणि निघतो. आमच्या बालवाडीतलं पोरही हे सांगेल. आणि दारात कोण उभी? आमच्या मंडळीतल्या प्यो वडिलांची बायको, हातात फोन घेऊन. दुपारपर्यंत ह्यांचा कपाळ टेकलेला फोटो मंडळीतल्या प्रत्येकाच्या फोनवर होता. खाली त्या बाईनं लिहिलं होतं, 'ग्वाक डीकनसाठी प्रार्थना करूया.' तिची प्रार्थना ज्याला लागली तो कामातून गेला.

गुरुवारी चर्चचे पाळक, नाम आडनावाचे, आणि प्यो वडील घरी आले. मी नासपती सोलून पुढे ठेवली. पाळक वयानं माझ्या धाकटीएवढा, तोंडात मध धरल्यासारखं बोलतो.

"डीकन, फोटोत तुम्ही वाकलेले दिसताय. आता माणूस कशालाही वाकतो. उदबत्ती पडली तरी वाकतो."

"एवढंच मंडळीपुढे म्हणा," प्यो वडील म्हणाले. "मी स्वतः उठून सांगेन की विषय संपला."

हे नासपतीकडे बघत बसले. ह्यांचं गप्प बसणं मला चाळीस वर्षं ठाऊक आहे. त्यातून पुढे काही चांगलं निघत नाही. म्हणून मीच बोलले.

"गुडघे गेलेत त्यांचे, पाळकसाहेब. जन्मभर कांदे लावले. तीन दिवस उभं राहून चक्कर आली, ते खाली पडले."

पाळकांचा चेहरा उजळला. "बघा. पडले."

"पडलो नाही," हे म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय? चक्कर आलेल्याला कळतं का?"

"अगं, दोनदा?" ह्यांनी अगदी साधेपणानं मला विचारलं. "दोन्ही वेळा हात जुळवून पडलो, आणि मधे उठून उभाही राहिलो?"

मला हसू आलं. ते आलं म्हणून माझा मलाच राग आला.

प्यो वडिलांनी काटा खाली ठेवला. "ही मूर्तिपूजा आहे, डीकन. तुम्ही पोरांकडून दहा आज्ञा पाठ करून घेता."

"मूर्तीपुढे नाही टेकलं. मानदोकपुढे टेकलं. तो देव नव्हता हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही."

"पण मग कशासाठी?" पाळकांनी विचारलं.

"पुढे उभा असलेला वाकला तर मागचे वाकतात. मी ताठ राहिलो असतो तर त्याचे भाऊ, त्याचे शेजारी, सगळेच अवघडून उभे राहिले असते. पोर माझ्या पाठीकडे बघत होती. तिच्या बापाला कोणी न वाकता पोचवायचं?"

"मंडळी हे ऐकून घेणार नाही."

तेव्हा माझं डोकं फिरलं. "मंडळीचं राहू द्या, प्यो वडील. तुमचे सासरे गेले तेव्हा त्यांना आंघोळ कोणी घातली? ह्यांनी. वास सोसत नाही म्हणून तुम्ही बाहेर मोटारीत बसला होतात, काचा वर करून."

"ओकनाम," ह्यांनी मला नावानं हाक मारली, म्हणजे पुरे.

पाळकांनी घाईघाईनं प्रार्थना आटोपली. नासपती तशीच राहिली. मी ती दोघांच्या पाठीकडे बघत एकटीनं खाल्ली.

रविवारी मी नवे बूट घालून चर्चला गेले. कागदावर दोन नावं, पुढे गोल किंवा फुली. मी ह्यांच्या नावापुढे असा गोल काढला की कागद फाटता फाटता राहिला. छ्वेपुढे फुली. पाळकांनी वाचून दाखवलं. एकशे एकोणीस मतं, हवीत ऐंशी. छ्वेला एकशे चार. ग्वाक डीकनला अठ्ठ्याहत्तर.

दोन मतं. त्या फोटोनंतरही अठ्ठ्याहत्तर जणांनी गोल काढला होता, आणि दोन मतं कमी पडली. प्योची बायको मागे वळून माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "ताई, देवाची इच्छा."

"देवाची असती तर त्यानं फोन तुमच्या हातात दिला नसता," मी म्हणाले. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि पुढे वळली. तेवढंच त्या दिवशी माझ्या हाती लागलं.

ट्रकमधून घरी येताना मी हिशेब करत होते, कोण असतील ती दोघं. चक्कीवाला बे, नक्की. शिंप्याची आई, तिला तर गोल दिसतच नाही नीट.

"कोणाला शोधतेयस?" ह्यांनी विचारलं.

"दोन माणसं."

ह्यांनी गियर बदलला. मग म्हणाले, "एकच शोध. दुसरा मी."

मला वाटलं, इंजिनाच्या आवाजात काहीतरी भलतं ऐकू आलं.

"फुली मारली मी. पुढच्या वर्षी मानदोकचं वर्षश्राद्ध आहे, तिथेही पुढे उभं राहून कपाळ टेकायचंय. वडील झालो असतो तर योनहुईला सांगावं लागलं असतं, नाही येत. तिनं विचारलंय मला, आणि मी हो म्हटलंय."

"कधी विचारलं?"

"पेटी उचलली तेव्हाच."

म्हणजे आठ दिवस. मी नवे बूट घातले, मी पाळकापुढे खोटं बोलले, शेजारणींना आधीच कळवून ठेवलं, आणि ह्या माणसानं आठ दिवसांपूर्वीच ठरवून टाकलं होतं आणि दुपारची भाजी काय आहे विचारत होता.

"गाडी थांबवा."

थांबवली. मी उतरले आणि चालायला लागले. घर दीड मैल. हे मागून पहिल्या गियरमध्ये, काच खाली करून, माझ्या चालीनं येत राहिले. कांद्याच्या शेतातल्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. एकीनं ओरडून विचारलं, "वहिनी, काय झालं?"

"निवडून नाही आले," मी सांगितलं.

"अरेरे. किती कमी पडली?"

मागे वळून बघितलं. हे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, लग्नात पाळकापुढे बसावं तसे सरळ बसले होते.

"एक," मी म्हणाले.

कालव्याच्या पुलापर्यंत बुटांनी टाचा सोलून काढल्या. तिथे मी थांबले, ट्रकही थांबला. ह्यांनी आतून माझ्या बाजूचं दार उघडलं. मी ते आपटून लावलं, मागच्या हौद्यात चढले आणि कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर जाऊन बसले.