फांदीवरच्या चिंध्या

मित्रांनो, वळणावरच्या शिलाईच्या दुकानावर सावली धरून उभा असलेला म्हातारा गुलमोहर तो मीच. मला कोणी हौसेनं लावलं नाही. शाळेतून येणाऱ्या कुणा मुलीनं खेळून झाल्यावर शेंग भिरकावली आणि तिच्यातलं एक बी रुजलं. शिंपीणमावशी तेव्हा नवी नवरी होती. कोरं कापड भिजवून उरलेलं पाणी ती मला घालायची, म्हणून मी तगलो.

पुढे मी असा फुलू लागलो की दुकानाचा पत्ता विचारणाऱ्याला लोक नुसतं "लाल झाडाखाली" एवढंच सांगत. मला कोण अभिमान वाटायचा! मावशीनं मशीनही माझ्या सावलीत आणलं.

मग तिला नात झाली, चिमी. सून काजं-बटणं करते, मावशी मशीनवर. मूल ठेवायचं कुठं? त्यांनी माझ्या आडव्या फांदीला झोळी बांधली. दोरीनं साल सोलवटू नये म्हणून मावशीनं फांदीभोवती चिंध्यांची जाड पट्टी गुंडाळून घट्ट शिवून टाकली. "झाडालाही दुखतं गं," ती सुनेला म्हणाली. मी गहिवरलो.

पण त्या चिंध्या पावसात भिजल्या आणि आतून वाळल्याच नाहीत. साल कुजली, भुंगेरे शिरले. आता फांदी पोकळ आहे. वरून मात्र ती नटलेली दिसते, कारण पट्टी मळली की मावशी तिच्यावर नवं कापड चढवते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मध्यंतरी विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या तोडायला एक माणूस शिडी घेऊन आला होता.

"मावशी, हीपण काढू का? हिचा रंग बरा दिसत नाही."

"तिला माझ्या नातीची झोळी आहे. हात लावायचा नाही."

तो हसून शिडी उचलून गेला. त्याला परत बोलवायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

मला जमेल ते मी केलं. त्या फांदीची सगळी पानं गाळली, तर चिमी पानं पकडत खुदुखुदू हसली. ऊन येऊ लागलं, तर मावशीनं झोळीला छत शिवलं. भुसा पडू लागला, तर सुनेनं मुंग्यांना दोष देऊन तो झटकून टाकला. चिमीनं चांगलं बाळसं धरलं आहे. आजी कौतुकानं म्हणते, "किती जड झालीस गं!" त्यांना आनंद होतो आणि इकडे फांदी आणखी थोडी वाकते.

आत्ताही ती झोळीत झोपली आहे. सून पायानं दोरी ओढत झोका देते आहे. प्रत्येक झोक्याला माझ्या आत बारीक करकर होते, पण मशीनच्या खडखडाटात ती कोणाला ऐकू येत नाही.

मित्रांनो, झाडावर माया करा, एवढंच सांगून मी थांबणार नाही. माया तर मावशीनंही केली. ज्याला जीव लावता त्याला अधूनमधून उघडून, हात फिरवून बघत जा. आणि तुमच्यातलं कोणी या वळणावरून जात असेल, तर मला पाणी नको, आळं नको. धावत जाऊन मावशीला म्हणा, आधी चिमीला उचला.