गालबोटाचा हात

अप्पांच्या जुन्या कारखान्यात एक अलिखित नियम होता. कामगार समितीच्या सभेत एखादा ठराव सगळ्यांच्या मनासारखा असला, झाडून सगळे हात वर गेले, तरी 'विरोधात कोण?' असे विचारल्यावर त्यांतल्याच एकाने पुन्हा हात वर करायचा. त्याला गालबोट म्हणत. एवढे देखणे एकमत, त्याला दृष्ट लागू नये म्हणून एक काळा ठिपका. हात वर करणाऱ्याला कोणी कारण विचारीत नसे. सगळे हसत, चहा येई आणि ठराव मंजूर होई. हा मान बहुतेक वेळा यंत्रशाळेचे फोरमन म्हणून अप्पांकडे जाई. त्यांचा चेहरा मुळातच विरोधाला शोभेसा आहे, असे त्यांच्या पत्नीचे, म्हणजे माईंचे, मत होते.

पुढे कारखाना बंद पडला. कारखान्यामागोमाग इस्पितळ गेले, इस्पितळामागोमाग दुकाने गेली, आणि गावात उरली ती कुलुपे. चिरंजीवांना दूरच्या मुलखात पंपांच्या कारखान्यात नोकरी लागली. नोकरीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे तिथल्या इस्पितळात रक्त गाळणारे यंत्र होते. माईंची मूत्रपिंडे थकली होती, आणि त्या यंत्राशेजारी नेमाने पडून राहिल्याखेरीज त्यांचे चालण्यासारखे नव्हते. 'तुमच्या अप्पांनी जन्मभर यंत्रांशी संसार केला, आता माझी पाळी,' असे त्या सुनेला म्हणत. तेव्हा अप्पा, माई, चिरंजीव आणि सूनबाई असे चौघे बोजाबिस्तरा उचलून त्या मुलखात आले.

तिथे नव्याने आलेल्या कुटुंबाला वर्षभर 'पाहुणे' म्हणत. पाहुण्यांना घर मिळे, नोकरी मिळे, इस्पितळ मिळे, पण सारे वर्षापुरते. वर्ष सरले की ते राहत असतील त्या इमारतीची सभा भरे, आणि सर्वांचे हात वर गेले की पाहुणे 'घरचे' होत. एकही हात खाली राहिला तर आठवड्याच्या आत परत निघायचे. 'पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई,' ही म्हण सूनबाईंनी प्रवासातच ऐकवली. त्यावर 'आपली अक्कल जायला इथे निदान वर्ष तरी देतात,' असे म्हणून अप्पांनी सगळ्यांना हसवले होते.

मुलूख वाईट आहे असे कोणाला म्हणता आले नसते. रस्ते आरशासारखे लख्ख, नळाला वेळेवर पाणी, कोणी कोणाला धक्का मारीत नसे. भाषासुद्धा तीच. पण अप्पांच्या गावी दोन माणसे भेटली की आधी नगरपालिकेचा उद्धार होई आणि मग एकमेकांची विचारपूस. इथे पावाच्या दुकानापुढे उभे असताना 'रस्ता पुन्हा खणलाय वाटतं' एवढेच ते सहज बोलले, तर रांगेतली कुजबुज थांबली. पुढे उभे असलेले गृहस्थ बाजूला झाले आणि त्यांनी आपली जागा अप्पांना देऊ केली, इतक्या अदबीने की अप्पांना ती नाकारता येईना. पाव घेऊन घरी येताना त्यांच्या मनात आले की बोल्ट आणि नट दिसायला एका मापाचे असले तरी आट्यांची वीण वेगळी असू शकते. पहिले दोन फेरे सुरेख बसतात, तिसऱ्याला अडते, आणि तिथे जोर केला की दोघांचेही आटे जातात.

इतके कळूनही त्यांच्या हातून व्हायचे ते झालेच.

प्रत्येक जिन्याला एक प्रमुख असे. यांच्या जिन्याच्या प्रमुखबाई पूर्वी शाळेत शिकवीत. आवाज मऊ, आणि बोलणाऱ्याचे बोलणे त्या कधी मध्येच तोडत नसत. एका रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या दालनात त्यांनी सभा बोलावली. विषय साधा होता. जिना रंगवायचा होता आणि त्यासाठी फिकट पिवळा रंग निवडला होता. सगळ्यांबरोबर अप्पांनीही हात वर केला. मग बाईंनी विचारले, "विरोधात कोणी?" आणि जन्माच्या सवयीने अप्पांचा हात पुन्हा वर गेला. चेहऱ्यावर सभेतले ते ठेवणीतले हसू होते, आणि आता चहा येणार अशी त्यांच्या मनाची जवळजवळ खात्री होती.

कोणी हसले नाही. कोणी वळूनही पाहिले नाही, आणि तेच अप्पांना अधिक लागले.

"कारण?" बाईंनी विचारले.

"कारण काही नाही हो. रंग छानच आहे. गालबोट आपलं."

बाईंनी तो शब्द ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिला. "बरं," त्या म्हणाल्या, आणि सभा संपली.

त्या मुलखात हा शब्द एकाच अर्थाने उरला होता, हे अप्पांना फार उशिरा कळले. बाळाच्या गालावरचा ठिपका तिथे कोणाला आठवत नव्हता. गालबोट म्हणजे चांगल्या गोष्टीला लागलेला बट्टा, एवढेच सगळ्यांना ठाऊक होते.

रंगारी आले आणि त्यांनी तळापासून गच्चीपर्यंत सारा जिना फिकट पिवळा केला. फक्त अप्पांच्या दाराभोवतीची भिंत त्यांनी तशीच ठेवली, जुनी, करडी, पोपडे धरलेली. अप्पांनी विचारले तेव्हा रंगारी अजिजीने म्हणाला की तुमच्या मताचा मान राखायला सांगितले आहे. 'चला, आता आपलं दार कुणाला चुकायचं नाही,' असे सूनबाई म्हणाल्या, पण म्हणताना त्यांनी आवाज खाली घेतला. त्या घरात कोणी आवाज खाली घेऊन बोलण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्यानंतर कोणी वाकडे बोलले नाही की तोंड फिरवले नाही. उलट माणसे पूर्वीपेक्षा अधिक सौजन्याने वागू लागली. कारखान्यात चिरंजीवांकडून चाचणी-कक्षाच्या किल्ल्या परत घेतल्या गेल्या. पाहुण्यांनी एवढे ओझे कशाला वाहायचे, असे साहेबांनी हसून सांगितले. इस्पितळात माईंशी तास तास गप्पा मारणारी परिचारिका आता सुई टोचताना फक्त एकच गोष्ट विचारी. तुमचे वर्ष कधी पुरे होते? माईंनी ते घरी सांगितले तेव्हा चिरंजीव जेवता जेवता थांबले. पुढे माईंनी सांगणे बंद केले, पण त्या परत आल्या की त्यांच्या चेहऱ्याकडे पाहूनच अप्पांना कळे की आजही तेच विचारले गेले.

तळमजल्यावर एक शिंपी राहत. विजारीची शिवण उसवल्याचे निमित्त करून अप्पा त्यांच्याकडे गेले. कपडे शिवणारा माणूस दहा घरच्या गोष्टी ऐकून असतो, हा त्यांचा अनुभव होता. शिंप्यांनी टाचण्या तोंडात धरल्या आणि दाराकडे एकदा पाहून घेतले.

"विरोधात कोणी, हा प्रश्न उत्तरासाठी नसतो, अप्पा. तो विचारला की कोण इकडेतिकडे बघतं, ते बघायचं असतं."

"आणि मी तर हातच वर केला."

"हं. मग बघायचं काही राहिलंच नाही."

अप्पांनी विचारले की यापूर्वी असे कोणी केले होते का. शिंपी म्हणाले की तुमच्या आधी त्या घरात एक चष्मेवाले राहायचे, भला माणूस. ते कुठे गेले, असे विचारल्यावर शिंप्यांनी टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या आणि विजार उद्या न्या म्हणून सांगितले.

अप्पांचा स्वभाव असा की यंत्र अडले तर ते उघडून पाहायचे. गैरसमज झाला आहे, तो समजावून सांगितला की मिटेल, असे त्यांनी मनाशी धरले आणि ते प्रमुखबाईंच्या घरी गेले. बाईंनी त्यांना खिडकीजवळची चांगली खुर्ची दिली. अप्पांनी अथपासून इतिपर्यंत सगळे सांगितले. जे फार आवडीचे असते त्यालाच दृष्ट लागण्याचे भय असते, आणि म्हणून आम्ही त्याला मुद्दाम एक उणेपण देतो, हेही सांगितले. बाईंनी एकदाही मध्ये तोंड घातले नाही.

"म्हणजे बाळ सुंदर असतं," शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणून तुम्ही त्याला डाग लावता."

"मायेने लावतो."

"आणि बाळ रडत नाही?"

"त्याला कुठलं कळतंय?"

"आम्हाला कळतं," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी माईंच्या तब्येतीची चौकशी केली. अगदी मनापासून केली, त्यात खोट काढायला जागा नव्हती. वर्ष आता भरत आले आहे, त्या म्हणाल्या, आणि माईंना यंत्र लागते हे इमारतीतले कोणीच विसरलेले नाही. चिरंजीव कामसू आहेत, सूनबाई गोड आहेत. तेव्हा ठराव तिघांचा मांडायचे ठरले आहे. चौघांचा मांडला तर सगळे हात वर जातील याची खात्री देता येत नाही, आणि एक हात जरी खाली राहिला तरी चौघांनाही जावे लागेल. तसे होऊ नये, एवढ्यासाठीच ही तजवीज.

"आमचं घर आहे ते, बाई. घराचे असे भाग पडतात होय?"

"म्हणून तर तुम्हा चौघांचेही हात लागतील. घरच्यांनीच मान्य केलेलं बरं दिसतं."

जिना चढताना अप्पांनी कठड्याला हात लावला नाही. नवा रंग अजून ओला असल्यासारखा त्यांना वाटत होता.

घरी त्यांनी सगळे सरळ सांगून टाकले. लपवाछपवी त्यांना जमत नसे. चिरंजीव उठून उभे राहिले आणि आपण सगळेच परत जाऊ म्हणाले. कुठे जाऊ, असे अप्पांनी विचारले. तिकडे खोली आहे, पण यंत्र कुठे आहे? वाटेत कुठल्या मुलखात कोण दार उघडून बसले आहे? यंत्राविना माईंना दोन आठवडेही काढता येणार नाहीत, हे डॉक्टरांनी चिरंजीवांच्याच तोंडावर सांगितले होते. चिरंजीव पुन्हा खाली बसले. सूनबाई एकदम म्हणाल्या की अप्पांना गप्प बसायला काय झालं होतं, आणि लगेच पदर तोंडाशी नेऊन रडू लागल्या. अप्पा त्यांना म्हणाले की पोरी, तुझं बरोबर आहे, हा प्रश्न मीही मला रोज विचारतो.

माई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालीत होत्या. त्यांनी अप्पांचा सदरा वेगळा काढला, मग पुन्हा सगळ्यांच्या कपड्यांत ठेवला.

"मला कुणी विचारलंत का?" त्या म्हणाल्या.

"तुला काय विचारायचं? तू राहायचंस."

"आणि तुम्ही एकटे तिकडे? चहात साखर किती घालायची ते तरी ठाऊक आहे का?"

"शिकेन. डिप्लोमा झालाय माझा."

माई हसल्या नाहीत. आपण हात वर करणार की नाही, हेही त्या बोलल्या नाहीत. त्यानंतर सभेच्या दिवसापर्यंत त्यांच्याकडून ते काढून घेणे कोणाला जमले नाही.

सभेला दालन भरले होते. चौघांसाठी पुढच्या ओळीत खुर्च्या ठेवल्या होत्या, आणि माईंच्या खुर्चीवर कोणीतरी आठवणीने उशी घातली होती. बाईंनी ठराव वाचला. पाहुण्यांपैकी तिघांना, म्हणजे मुलगा, सून आणि आई यांना, घरचे म्हणून स्वीकारावे. चौथ्याचा उल्लेख नव्हता. दालनातले हात एकाच वेळी वर गेले.

अप्पांनी आपला हात सर्वांत आधी वर केला होता, ताठ, कारखान्यात करीत तसा. मुलाच्या आधी आपला हात गेला पाहिजे, म्हणजे त्याचे मन त्याला जन्मभर खाणार नाही, एवढाच विचार त्यांनी केला होता. मग सूनबाईंचा हात वर गेला. चिरंजीव जमिनीकडे पाहत होते. अप्पा हलकेच खाकरले. मुलाने त्यांच्याकडे पाहिले नाही, पण त्याचा हात वर गेला.

माईंचे दोन्ही हात मांडीवर होते.

"सावकाश," बाई म्हणाल्या. "आपण थांबू." आणि त्या मागच्या ओळीपासून हात मोजू लागल्या, एकेक खुर्ची, एकेक चेहरा. एवढी माणसे हात वर धरून बसली होती, पण कोणी कुरकुर केली नाही की कोणी हात बदलला नाही. बाई मधल्या ओळीत आल्या. चप्पल वाजू नये इतक्या हळू त्या चालत होत्या.

"अगं," अप्पा ओठ न हलवता म्हणाले, "कर वर."

माई समोर पाहत राहिल्या. त्यांचे डोळे कोरडे होते.

"तुझ्या पाया पडतो."

बाई आता पुढून दुसऱ्या ओळीत होत्या. तेव्हा अप्पांनी उजवा हात तसाच वर ठेवून डाव्या हाताने माईंचे मनगट धरले. सुया टोचून टोचून दोरखंडासारखी झालेली शीर त्यांच्या बोटांना लागली, आणि तिच्यातली ती सारखी चाललेली थरथर. त्यांनी तो हात उचलला. मांडीपासून छातीपर्यंत, छातीपासून खांद्यापर्यंत. यंत्रशाळेत त्यांनी मणामणाचे भाग उचलले होते, पण एवढे जड काही त्यांच्या हाताला कधी लागले नव्हते. माईंनी विरोध केला नाही, साथही दिली नाही. हात खांद्याच्या वर गेला तशा प्रमुखबाई पुढच्या ओळीच्या टोकाला येऊन उभ्या राहिल्या आणि त्या दोघांकडे पाहू लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दया होती. खरी दया होती, आणि अप्पांना त्या दालनात सर्वांत जास्त भय तिचेच वाटले.

"हात आपला आपण धरायचा असतो," बाई मऊपणाने म्हणाल्या.

अप्पांनी पकड सोडली नाही. सोडली तर तो हात खाली येईल, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

मग माईंनी मान वळवली. दालनात आल्यापासून त्या पहिल्यांदाच अप्पांकडे पाहत होत्या.

"सोडा आता," त्या म्हणाल्या. "धरते मी."