माझ्या फळ्यांची शेकोटी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि मी रागावले आहे. जुन्या वस्तूने आपली कहाणी हळुवारपणे सांगावी, अशी तुमची अपेक्षा असेल. मी प्रयत्न करीन, पण शब्द देत नाही.

थायलंडच्या आखातातल्या एका लहानशा बेटावर मला थावोनच्या वडिलांनी घडवले. त्यांनी एकेक फळी तासली, फटींत कापूस ठासला आणि वर राळ लावली. माझी नाळ, म्हणजे पुढचे टोक, त्यांनी मुद्दाम उंच ठेवली, कारण तिथे नौकेची देवी बसते. तिला रंगीत वस्त्रे बांधतात, फुलांचे हार घालतात. त्या जागेवर पाय द्यायचा नसतो, हे आमच्याकडे रांगत्या मुलालाही ठाऊक असते.

वडिलांमागे मी थावोनची झाले. त्याने माझ्या पाठीमागे ट्रकचे जुने इंजिन बसवले. त्याची बायको मालिवान शेजारच्या बेटावरून नवरी होऊन आली, तीही माझ्यातूनच. आम्ही तिघांनी मिळून वर्षानुवर्षे बांगडे पकडले. मला मासळीचा वास येई आणि त्याचा मला अभिमान होता.

पुढे मासळी कमी झाली आणि पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेतलेली परदेशी मुले येऊ लागली. त्यांना या बेटावरून त्या बेटावर सोडणे, हे आमचे काम झाले. सुरुवातीची मुले बरी होती. मालिवानच्या हातचा भात खायची आणि तिच्याबरोबर भांडी घासायला बसायची. मग कोणीतरी आमच्या किनाऱ्यावर पौर्णिमेचा जल्लोष सुरू केला. आधी मूठभर माणसे होती. आता हजारो येतात. अंगाला चमकणारे रंग फासतात, छोट्या बादल्यांतून दारू पितात आणि आवाज एवढा करतात की माझे खिळे थरथरतात. सकाळी वाळूत पाय ठेवायला जागा नसते. सगळीकडे काचा.

त्या महिन्यात डेक्लन आणि ब्रूक नावाची जोडी चार बेटे माझ्यातूनच फिरली. माझे कौतुक फार. "किती देखणी होडी आहे, काका!" असे म्हणत डेक्लन थेट नाळेवर जाऊन बसला.

"पाय खाली घे रे, तिथे आमची देवी बसते," मालिवान म्हणाली.

"मग देवीला म्हणा, जरा सरकून बस!" तो म्हणाला, आणि ब्रूक हसली.

थावोनही कसनुसा हसला. मालिवान हसली नाही. मीही नाही.

पौर्णिमेच्या संध्याकाळी थावोनने मला वाळूवर ओढून ठेवले आणि तो घरी गेला. तांबडे फुटताना तो आणि मालिवान परतले, तेव्हा माझ्या बसायच्या फळ्या नव्हत्या. शेजारी शेकोटी धुमसत होती आणि तिच्यात एक फळी अर्धवट जळून पडली होती. पेटत्या दोरीवरून उड्या मारायच्या म्हणून माझ्या टाकीतले तेल दोरीवर ओतून संपवले होते. आणि देवीची वस्त्रे ब्रूकच्या डोक्याला गुंडाळलेली होती.

"हे काय केलंत?" थावोनने विचारले.

"चिडू नका ना, काका. थंडी वाजत होती," ब्रूक म्हणाली.

"थंडी वाजत होती, तर स्वतःच्या पिशव्या जाळायच्या होत्या!" मालिवान कडाडली. तिने पुढे होऊन वस्त्रे ओढून घेतली आणि कमरेला बांधली.

इतक्यात कोणीतरी ओरडले. दारूच्या नशेत डेक्लन पोहायला उतरला होता आणि ओहोटीने त्याला खडकांच्या पलीकडे नेले होते. एक हात वर दिसे, मग दिसेनासा होई. बाकीच्या होड्या माणसे सोडायला धक्क्यावर गेल्या होत्या. किनाऱ्यावर मी एकटीच होते.

"ढकला हिला!" थावोन ओरडला.

"आणि इंजिन कशावर चालवणार? त्याच्या अकलेवर?" मालिवान म्हणाली. पण म्हणता म्हणता तिने माझ्या काठाला खांदा लावला होता.

थावोनने वल्हे धरले. मालिवानने शेकोटीतली अर्धी जळलेली फळी उचलली आणि त्याच फळीने पाणी मारू लागली. तिचे तळवे भाजत होते. ओहोटीत पाणी उथळ होते आणि इंजिनाशिवाय मला वळता येत नव्हते. एक खडक माझ्या पोटाला घासला. फळी तडकल्याचा आवाज मला ऐकू आला, थावोनलाही आला. तो थांबला नाही. त्याने डेक्लनला केसांना धरून आत खेचले, तेव्हा थावोनच्या उजव्या खांद्यात काहीतरी तुटले. तो हात आता कानाच्या वर जात नाही.

किनाऱ्यावर सगळे डेक्लनच्या गळ्यात पडले. तो भरपूर ओकला. मग मान वर करून त्याने थावोनकडे पाहिले आणि विचारले, "काका, माझे बूट कुठे आहेत?"

धक्क्यावरून बोटीचा भोंगा वाजला. पिशव्या पाठीवर टाकून ती दोघे धावली. वाळूवर थावोन खांदा धरून बसला होता आणि मी कुशीवर कलंडले होते. दोघांपैकी एकानेही वळून पाहिले नाही.

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन असेच देशोदेशी फिराल. जरूर फिरा. पण दुसऱ्याचे घर, दुसऱ्याची देवी, दुसऱ्याची होडी तुमच्या मजेसाठी तिथे ठेवलेली नसते. गोड बोलून कौतुक करणाऱ्यांपेक्षा पाय खाली ठेवणारा माणूस मला आवडतो.

पुढच्या पौर्णिमेला थावोन दबकत म्हणाला, "गिऱ्हाइकं आलीत. चार फेऱ्या मारू का?"

"तुझ्या खांद्याला विचार," मालिवान म्हणाली. "आज आपण माकुल धरायला जायचं."

"पौर्णिमेला? अंधार असेल तरच ती मासळी दिव्याकडे येते, चांदण्यात एक माकुल यायचं नाही."

"नाही तर नाही येणार. रिकामे येऊ."

ती इंजिनाशी बसली. तो माझ्या पोटातला तडा बुजवलेल्या जागी पाय रोवून पाणी उपसत होता. मागे ढोल घुमू लागले. आम्ही खोल समुद्रात गेलो आणि खरोखरच रिकामे परत आलो. माझ्या आयुष्यात मी इतक्या ताठ मानेने कधी किनाऱ्याला लागले नव्हते.